धारवाडच्या काळ्या रानात अमेरिकेचा मळेवाला

धारवाडच्या सुभाष रोडवर संध्याकाळी माणसांची रीघ लागलेली असते. कापडाची दुकानं, पुस्तकांची दुकानं, आणि लक्ष्मी भवनात १९३३ साली सुरू झालेल्या मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध माळा, जिथे कन्नड लेखकांच्या पिढ्या बसून गेल्या. या रस्त्यावर एखाद्या दुकानदाराने सुती कापडाचं ठाण समोर उलगडलं, तर त्यातला धागा बहुधा अमेरिकन वंशाच्या कपाशीचा असतो. आज भारतात कापसाखाली जी जमीन आहे, त्यातल्या दहा वाट्यांपैकी नऊ वाट्यांहून जास्त जमिनीवर याच वंशाची कपाशी उभी असते. आणि हे झाड हिंदुस्थानी शेतकऱ्याच्या शेतात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर रुजलं ते इथेच, धारवाड-हुबळी-गदगच्या काळ्या रानात, १८४० च्या दशकात.

ते रुजवायला अमेरिकेहून माणसं आली होती. गुलामांकडून कापूस पिकवून घेणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांतले मळेवाले ईस्ट इंडिया कंपनीचा पगार घेऊन समुद्र ओलांडून आले, आणि त्यांच्यातला मर्सर नावाचा एक जण धारवाड जिल्ह्यात, हुबळीच्या परिसरात येऊन राहिला. वॉशिंग्टन आणि जेफरसन ज्या वर्गातून आले, त्या वर्गाचं पाऊल आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर पडलं होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो. आजही त्या गोष्टीचं नवल ओसरलेलं नाही.

आधी हा मळेवाला त्याच्या घरी कसा होता ते पाहू, कारण त्याशिवाय त्याच्या इथल्या अनुभवाची खोली कळत नाही.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिचं नेतृत्व बऱ्याच अंशी मळेवाल्यांच्या हातात होतं. जॉर्ज वॉशिंग्टनचा मळा व्हर्जिनियात माउंट व्हर्नन इथे, थॉमस जेफरसनचा मॉन्टिसेलो इथे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत त्याच्या आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला तेव्हा डोक्यावर इतकं कर्ज होतं, की ते फेडण्यासाठी पुढच्या जानेवारीत त्याच्या मळ्यावरची १३० माणसं लिलावात विकली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी ॲडम्स पिता-पुत्र सोडले तर बाकी दहा जणांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले होते. या सत्तेला राज्यघटनेचाही टेकू होता. लोकसंख्येवरून प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरली जाई. गुलामाला मत नव्हतं. त्याच्या नावावर मिळणारी जास्तीची जागा मात्र मळेवाल्यांच्या राज्याला मिळत होती.

जेफरसनचं या गोष्टीशी आणखी एक नातं आहे. १७९३ साली एलाय व्हिटनी नावाच्या तरुणाने जॉर्जिया राज्यात सॅव्हाना शहराजवळच्या एका मळ्यावर राहून सरकी काढण्याचं यंत्र तयार केलं. त्या काळी नव्या यंत्राच्या हक्काचे अर्ज परराष्ट्रमंत्र्याकडे जात, आणि परराष्ट्रमंत्री होता जेफरसन. यंत्र घरगुती वापराला उपयोगी पडेल का, अशी विचारणा त्याने उत्सुकतेने व्हिटनीकडे केली. मार्च १७९४ मध्ये हक्क मंजूर झाला. हे यंत्र आलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचा पूर लोटला. १७९० साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली चाळीस लाखांच्या जवळ. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने कष्टकऱ्याच्या बेड्या अधिक घट्ट केल्या, इतकं क्रूर उदाहरण यंत्रांच्या इतिहासात दुसरं मला माहीत नाही.

मर्सर धारवाडकडे होता त्याच दशकात, १८४५ ते १८४९, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता जेम्स पोक. त्याचा मिसिसिपी राज्यात कापसाचा मळा होता. राष्ट्राध्यक्ष असतानाही तो दुरून मळ्याचा कारभार पाहत होता आणि गाजावाजा न करता त्या मळ्यासाठी तरुण गुलाम विकत घेत होता. त्याच्यानंतर आलेला झकेरी टेलर हाही मिसिसिपीत मळा असलेला. म्हणजे एक मळेवाला अमेरिकेच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून कापूस पिकवत होता, आणि त्याच्याच वर्गातला दुसरा माणूस हुबळीजवळच्या काळ्या जमिनीत उभा राहून पावसाची वाट पाहत होता.

कंपनीला ही उठाठेव करावी लागली याचं कारण मँचेस्टर. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन-चतुर्थांश कापूस एकट्या अमेरिकेतून येत असे. एकाच देशावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं, हे गिरणीमालकांना कळत होतं. हिंदुस्थानातही कापूस होता, हजारो वर्षांपासून होता. पण त्याचा धागा आखूड, आणि बाजारात येईपर्यंत त्यात माती, पाला, सरकीचे तुकडे मिसळलेले. यंत्रावर आखूड धागा तुटतो. तेव्हा कंपनीच्या संचालकांनी ठरवलं, की अमेरिकेचं बियाणं, अमेरिकेचं यंत्र आणि अमेरिकेचा माणूस, तिन्ही एकदमच आणायचे. मद्रास फौजेतल्या कॅप्टन बेलिस यांना त्यासाठी अमेरिकेत पाठवलं गेलं. १८४० साली ते दहा मळेवाले, न्यू ऑर्लीन्स जातीचं बियाणं आणि सरकी काढण्याची करवतीची जिनं घेऊन परतले. दहा जण बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांत वाटले गेले.

पुढचा बराचसा भाग अपयशाचा आहे. गंगा-यमुनेच्या दुआबात, बुंदेलखंडात, गुजरातेत, खानदेशात प्रयोग झाले. कुठे पावसाने झाडं कुजली, कुठे पावसाने पाठ फिरवल्यावर वाळली. मळेवाल्यांना पगार मोठे आणि हाताखाली मजुरीवर राबायला माणूस मिळेना. त्यांच्या देशात माणूस विकत मिळत होता. इथे १८४३ सालीच कायद्याने गुलामगिरीची कोर्टातली मान्यता काढून घेतली गेली होती. ती गोष्ट सोडली तरी, ज्याची स्वतःची जमीन आहे आणि स्वतःचं ज्वारीचं पीक आहे, तो रयत साहेबाच्या शेतावर रोजंदारीला कशाला जाईल? नाराजी नुसती मनात राहिली असंही नाही. हिंदुस्थानातल्या मुक्कामात एकदा मर्सरचा बंगला पेटवून दिला गेला. अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे.

मग धारवाडातच हे बियाणं का टिकलं? माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

धारवाड हे दोन हवामानांच्या सांध्यावर वसलेलं गाव. पश्चिमेला हल्याळ-दांडेलीकडचं रान, तिथे पाऊस कोसळतो. पूर्वेला नवलगुंद, गदग, रोण, तिथे तो मोजून मापून पडतो. मधल्या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस जमिनीला भिजवतो पण बुडवत नाही. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस पुन्हा एक हात देऊन जातो. आणि जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. इथला शेतकरी कापूस जूनमध्ये पेरत नाही. मृगाच्या घाईला तो बळी पडत नाही. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात तो पेरतो. सरकीला तंतू चिकटलेले असतात, पाभरीच्या नळ्यातून ती सुटी पडत नाही, म्हणून ती आधी शेण आणि मातीत चोळून घेतो. झाड ऑक्टोबरच्या पावसावर वाढतं, पुढे जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर जगतं. बोंडं फुटतात ती फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात, जेव्हा भिजून खराब होण्याची भीती नसते.

अमेरिकेत कपाशी एप्रिलमध्ये पेरतात. उन्हाळाभर ऊब आणि अधूनमधून सरी, शरद ऋतूत वेचणी. हिंदुस्थानात इतर ठिकाणी मळेवाल्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी बियाणं टाकलं आणि परदेशी रोप मुसळधार पावसात सापडलं. धारवाडच्या कुळवाड्याने मात्र आपल्या कुमठा या देशी जातीच्या कापसाचं वेळापत्रक या पाहुण्यालाही लावून दिलं. उशिरा पेरल्यामुळे रोपाला जे मिळालं ते जवळजवळ त्याच्या घरचंच हवामान होतं: माफक ओल, सौम्य ऊन, कोरडी वेचणी. ही किल्ली कुणा साहेबाने शोधलेली नव्हती. ती शेकडो वर्षं या जमिनीवर पेरणी करणाऱ्यांच्या हातात होतीच.

जमिनीची मालकीही कामी आली. हा मुलूख १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूकडून धारवाडचा किल्ला घेतल्यापासून मराठ्यांकडे होता, आणि पेशवाई संपताना कंपनीकडे गेला. इथे मोठा जमीनदार मधे नव्हता. रयत आणि सरकार यांचा थेट संबंध. मोजणी अधिकारी विंगेट यांच्या हाताखाली या भागाची मोजणी आणि नवी जमाबंदी १८४० च्याच दशकात झाली आणि सारा काही वर्षांसाठी ठरून गेला. सारा ठरलेला असला की नवं पीक घेऊन पाहण्याची हिंमत होते, कारण जास्तीचं उत्पन्न आपलंच राहतं. त्या काळचे कलेक्टर शॉ यांनी या कापसाचा पाठपुरावा केला हे खरं. पण सरकारी शेतावर किती पीक आलं यापेक्षा शेजारच्या बांधावरचा माणूस काय पाहत होता, हे जास्त महत्त्वाचं. त्याला दिसलं की या झाडाचा कापूस महाग विकतो. त्याने मूठभर सरकी मागून नेली, पुढच्या वर्षी थोडी जास्त पेरली. असं करत काही वर्षांत हजारो एकरांवर ‘धारवाडी-अमेरिकन’ उभी राहिली.

मात्र एक अडचण होती, आणि ती शेतात नव्हती, घरात होती.

बोंडातून कापूस वेचला की काम संपत नाही. प्रत्येक सरकीवर हजारो तंतू उगवलेले असतात. ते सोडवायचे कसे? कुमठा कापसासाठी या भागात एक जुनी रीत होती. सपाट दगडावर थोडा कापूस पसरायचा, त्यावर लोखंडाची बारीक कांब ठेवायची आणि बाईने बुटक्या बैठकीवर बसून ती कांब पायाने पुढे-मागे फिरवायची. रुई एका बाजूला निघते, सरकी दुसरीकडे सरकते. आपल्याकडचा रेचाही याच तत्त्वावर चालतो: दोन लाटांच्या चिमटीत तंतू पकडले जातात आणि जाड सरकी मागे राहते. काम संथ, पण तंतू शाबूत राहतो आणि सरकी फुटत नाही. ती सरकी घरच्या बैलांच्या आंबोणात जाते. एका बाईच्या पायाखाली कापड, बी-बियाणं आणि बैलाचं खाणं, तिन्हींचा हिशेब होत असे.

अमेरिकन कपाशीची सरकी वेगळी. लांब तंतूंच्या खाली तिच्यावर आखूड, दाट लव असते आणि तंतू घट्ट धरून बसलेला असतो. पायाच्या कांबेने तो सुटता सुटत नाही. हीच गाठ सोडवायला व्हिटनीचं यंत्र जन्मलं होतं. करवतीच्या जिनात एका दांडीवर दातेरी चकत्यांची ओळ असते. चकत्यांच्या पुढे लोखंडी पट्ट्यांची जाळी, फटी इतक्या अरुंद की दाता जाईल पण सरकी जाणार नाही. चकती फिरते, दाता तंतूला धरून फटीतून ओढून नेतो, सरकी जाळीला अडून खाली पडते. पलीकडे उलट दिशेने फिरणारा ब्रश दात्यांवरची रुई झाडून घेतो. त्यात समजायला अवघड असं काही नाही, आणि तरीही त्याने दोन खंडांचं नशीब बदललं. उलट कुमठा कापूस या जिनात घातला तर त्याचा आखूड तंतू करवतीत तुटतो. म्हणजे दोन झाडं, दोन यंत्रं, आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला चालत नाही. नुसतं बियाणं आणलं असतं तर ते दोन-चार हंगामांत नाहीसं झालं असतं, कारण त्याची रुई काढणार कोण? धारवाडात सरकारी जिन कारखाना उभा राहिला. तिथे जिनं जोडली जात, दुरुस्त होत, शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना विकली जात. यंत्राचा दाता मोडला तर धार लावणारा हात जवळपास आहे, हा भरवसा मिळाला तेव्हाच पेरा वाढला.

आता मर्सरकडे परत येतो. काही वर्षं हे सगळं पाहिल्यावर या माणसाने सरकारला जे कळवलं, ते मला त्या काळच्या कागदपत्रांतलं एक विलक्षण निवेदन वाटतं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: प्रायोगिक शेतं हा सरकारचा निरर्थक खर्च आहे, अमेरिकन पद्धत हिंदुस्थानला लागू पडत नाही, इथल्या शेतकऱ्याला इथल्या हवेची आणि जमिनीच्या ताकदीची जी जाण आहे, तिच्या जोरावर तो कुठल्याही युरोपियनापेक्षा चांगली आणि कितीतरी स्वस्तात शेती करू शकतो, तेव्हा ही शेतं बंद करावीत. शिकवण्यासाठी पगार देऊन आणलेला माणूस आपलीच नोकरी बंद करा म्हणतो आहे. ज्या समाजातून तो आला होता, तिथे शेतात राबणाऱ्याला काही कळतं असं मानण्याचीच सोय नव्हती. कळणं हे घोड्यावरच्या मालकाचं आणि मुकादमाचं काम. तो माणूस हुबळीच्या रानात कुणाकडून काय शिकला, कुठल्या बांधावर उभं राहून त्याला हे उमगलं, कुणी त्याला सप्टेंबरपर्यंत थांब असं सांगितलं? त्या रयतेची नावं कागदावर उतरली नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

मळेवाल्यांची योजना पुढे गुंडाळली गेली. १८४८ साली ब्रिटिश संसदेत जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी झाली, त्यात रस्ते नाहीत, सारा जड आहे, असल्या तक्रारींचा पाढा वाचला गेला. रस्त्यांची तक्रार खोटी नव्हती. धारवाडचा कापूस बैलगाड्यांतून, तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट उतरून कुमठा बंदरात जाई आणि तिथून जहाजाने मुंबईला. म्हणून तर देशी जातीला ‘कुमठा’ हे बंदराचं नाव चिकटलं, जरी ती पिके घाटावरच. वाटेत धूळ, पाऊस, चोरी आणि भेसळ, सगळ्यांचा वाटा त्यात पडायचा.

आणि मग एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी गुलामगिरी राखण्यासाठी देश फोडला, लिंकनच्या आरमाराने त्यांची बंदरं आवळली, आणि मँचेस्टरचे चाती-माग थंडावले. मळेवाल्या नेत्यांना वाटत होतं की कापसावाचून जग अडेल आणि ब्रिटन आपल्या मदतीला धावेल. त्यांच्या या हिशेबात ज्यांची गणती नव्हती, त्यांच्यात धारवाडचा शेतकरी होता. भाव कडाडले. धारवाडी-अमेरिकन कापसाला सोन्याचे दिवस आले. घाट उतरणारा रस्ता आणि बंदर एकाच इलाख्यात असावं या खटपटीत १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासेतून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि कारवार बंदराच्या मोठ्या योजना आखल्या गेल्या. महाग मालात भेसळही वाढली. अमेरिकन कापसात कुमठा मिसळायचा, वजनाला माती आणि सरकी घालायची. ती रोखायला मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापूस-भेसळीविरुद्ध खास कायदा केला. मुंबईत पैसा इतका वाहू लागला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांचं नाव त्याच लाटेतलं, ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईचे सट्टेबाज बुडाले, आणि उसनवारीवर पेरा वाढवलेले शेतकरीही.

या युद्धाचा आणखी एक पडसाद मराठीत उमटला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केलं म्हणून. मुंबईच्या पेढ्यांत त्या युद्धाचा अर्थ कापसाचा भाव असा लावला गेला होता. पुण्यात एका माणसाने त्याचा अर्थ माणसाची सुटका असा लावला. कापसाचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ मला एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

१८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, हुबळीत तिचा कारखाना झाला, आणि कापूस बैलगाडीतून डब्यात चढला. पण धारवाडी-अमेरिकन थकत चालली होती. जिनात सरक्यांची सरमिसळ होऊन बियाणं अशुद्ध झालं, पानं लाल पडण्याचा रोग आला, उतारा घटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकी खात्याने धारवाड आणि गदगला शास्त्रशुद्ध निवड सुरू केली. त्या थकलेल्या गर्दीतूनच एकेक चांगलं झाड वेचून ‘गदग नंबर १’ हे वाण निघालं. पुढे त्याचा संकर, कंबोडियामार्गे मद्रासेत आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन वंशाच्या कपाशीशी करून ‘लक्ष्मी’ तयार झाली. नाव पुरतं कानडी-मराठी घरातलं, वंशावळ न्यू ऑर्लीन्सची.

इथे झाडाच्या आतल्या एका नवलाकडे वळायला हवं. कुमठा कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. दुप्पट का? शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियाकडच्या एका कपाशीचा वंश समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचला आणि तिथल्या रानटी कपाशीशी त्याचा संकर झाला. दोघांची गुणसूत्रं एकत्र राहिली. त्या मीलनातून अमेरिकन कापूस जन्मला आणि मेक्सिकोतल्या माणसांनी तो पुढे लागवडीत आणला. त्यातली अर्धी गुणसूत्रं ज्या जुन्या वंशाची, त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे कुमठा कापसाचीच जात. माणूस पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधी एका बियाण्याने महासागर ओलांडला, आणि उलट दिशेने समुद्र ओलांडून १८४० साली त्याचे वंशज जहाजातून परत आले आणि हुबळीच्या शिवारात आपल्या दूरच्या भाऊबंदांशेजारी उभे राहिले. रानात ती दोन झाडं शेजारी फुलली तरी त्यांचा सहजी संकर होत नाही. २६ आणि ५२ यांच्या मीलनातून जे रोप निघतं ते वांझ असतं. शेतकऱ्यांच्या राशीत सरक्यांची भेसळ झाली, पण झाडांचं रक्त मिसळलं नाही. म्हणूनच वेचून वेचून ‘गदग नंबर १’ पुन्हा शुद्ध करता आला.

५२ गुणसूत्रांची आणखी एक कपाशी आहे, लांब आणि रेशमासारख्या धाग्याची, इजिप्शियन कापूस म्हणून ओळखली जाणारी. तीही मूळची दक्षिण अमेरिकेची. धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटरकी यांनी ‘लक्ष्मी’ आणि या दुसऱ्या जातीचं रशियाहून आलेलं एक वाण यांचा संकर केला. १९७२ साली ‘वरलक्ष्मी’ आली. दोन वेगळ्या जातींच्या मीलनातून तयार झालेलं, शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी पातळीवर पिकलेलं जगातलं ते पहिलं संकरित कापूस वाण. लांब धाग्यासाठी परदेशाकडे पाहणाऱ्या देशाला हुबळी-धारवाडच्या रानातून बारीक सूत मिळू लागलं. १९८१ मध्ये धारवाडहूनच ‘डीसीएच-३२’ आलं, ज्याला ‘जयलक्ष्मी’ही म्हणतात.

हे बियाणं कसं तयार होतं ते समजलं तर कापडाकडे बघायची नजर बदलते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी शोधायची. नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढून टाकायचे, मधला स्त्रीकेसर दुखावू द्यायचा नाही. खूण म्हणून दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या वाणाचं ताजं उमललेलं फूल आणून त्याचा पराग त्या स्त्रीकेसरावर फिरवायचा. एक कळी, एक बोंड. हे काम यंत्र करत नाही. ते शेकडो शेतांत बहुतेक बायकाच करतात, आणि हंगामभर रोज संध्याकाळ-सकाळ करतात. एकेकाळी पायाखालच्या कांबेने रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्यांच्या पणत्या आता नखांनी दोन खंडांची फुलं एकत्र आणत आहेत.

एक फरक मात्र मोठा आहे. न्यू ऑर्लीन्सची सरकी शेतकऱ्याने एकदा मागून नेली की ती त्याची झाली. कणगीत राखायची, पुढच्या सालाला पेरायची, सोयऱ्याला द्यायची. ती सगळीकडे पसरली ती अशीच, हातोहात. संकरित बियाण्याचं तसं नसतं. त्याच्या पोटची सरकी पेरली तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, म्हणून ते दर हंगामाला नव्याने विकत घ्यावं लागतं, आणि पेरणीच्या आधीच शेतकऱ्याचा खर्च सुरू होतो.